नळावरची पाटी

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आमच्या ब्रुअरीत बिअर आंबवायची टाकी घासत होतो. त्याला आता दोन महिने झाले.

परवा मित्राच्या बारमध्ये दुसऱ्या एका ब्रुअरीची बिअर नव्याने नळावर आली, म्हणून गेलो. पहिल्याच घोटाला माझं डोकं फिरलं. संत्र्याची साल तव्यावर करपेपर्यंत भाजून बिअरमध्ये घालायची खोड फक्त माझ्या बायकोची होती.

"चोर साले! ती गेली नाही तोच तिची बिअर लाटली!" मी ग्लास आपटला.

"ओरडू नकोस," मित्र म्हणाला. "वहिनींनीच वर्षापूर्वी त्यांना कृती दिली."

"का? आमची ब्रुअरी काय ओस पडली होती?"

"वहिनींची एकच अट होती. पाटीवर त्यांचं नाव हवं. तुमच्या बाटलीवर नाव घाल म्हणून तुला दोनदा सांगून पाहिलं म्हणाल्या, तर तू हसलास."

मी मान वर करून नळावरची पाटी वाचली. मोठ्या अक्षरांत तिचं नाव होतं.

 

आमच्या बाटलीवर वीस वर्षं माझ्या एकट्याचं नाव आहे, आणि ते मी अजूनही बदललेलं नाही.