जांभळी शाई

रंगीत खडूंचा डबा खणकन पडला आणि पेपर तपासणाऱ्या बाई दचकल्या. "चिमे, हळू गं, माझे आई!"

शेवटचा प्रश्न होता, 'बुद्धांच्या शिकवणीतली करुणा स्पष्ट करा.' तेरा नंबरच्या मुलीने सुरुवात निळ्या शाईत करून पुढची तीन पानं जांभळ्या शाईत भरली होती. बाईंनी खूश होऊन पैकीच्या पैकी दिले. चौदा नंबरच्या मुलीने मात्र जांभळ्या शाईत दोनच ओळी लिहून पुढे पान कोरं सोडलं होतं. "ऐन वेळी झोप लागली का बयेला?" बाईंनी भोपळा दिला. पोरगी दोन गुणांनी नापास झाली, वर्ष वाया गेलं. गुण लगेच मोबाइलवरून कॉलेजला कळवूनही झाले.

खडू गोळा करता करता चिमीने दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले.



"आई, हिचं निळं पेन संपलं म्हणून त्या ताईने आपलं जांभळं हिला दिलं ना? मग ताईने कशाने लिहायचं गं?"