नावं बदलली तेवढी

"दोन आराखड्यांचा एक करायचाय, तर आधी कुणाचं काय सारखं आहे ते बघू. दोघांनी वेगवेगळे केलेत म्हणजे जुळणी शून्यच येणार," असं म्हणत साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर बटण दाबलं.

पडद्यावर डावीकडे टिपणीस सरांचा सॉफ्टवेअरचा आराखडा होता, उजवीकडे शर्वरीचा. डावीकडच्या एका चौकटीतून रेघ निघाली आणि उजवीकडच्या चौकटीला जाऊन भिडली. मग दुसरी, मग दहा, मग सगळा पडदाच रेघांनी भरून गेला. दोनशे चौदा चौकटी, आणि प्रत्येक जोडीचं मूळ एकच.

शर्वरी बाळंतपणाच्या रजेवर असताना टिपणीसांनी तिच्या फाइलची प्रत काढली होती आणि दोन दिवस खपून एकेका चौकटीचं नाव बदललं होतं. पण चौकट बनते तेव्हाच तिला एक छुपा नंबर मिळतो, आणि प्रत काढली, नाव बदललं तरी तो बदलत नाही; जुळणी त्या नंबरावरूनच होते. नव्याने लागलेल्यांना वीस वर्षं ते हेच तर शिकवत आले होते. शर्वरीलाही.

"काय शर्वरी," साहेब हसत म्हणाले, "सरांचाच उचललास होय?"

सगळे हसले. शर्वरीने टिपणीसांकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

टिपणीस उठले. "मूळ तिचं आहे. मी नावं बदलली तेवढी."

हसणं थांबलं. त्यांनी कसाबसा धीर करून शर्वरीकडे पाहिलं. आता तीच त्यांच्याकडे बघेना.