अजगराचं पिल्लू

मुरगूडच्या मळ्यात तो रोजच्यासारखाच दिवस होता. उसाच्या सरीत साप दिसला तशी आई म्हणाली, "अजगराचं पिल्लू हाय ते, गरीब असतंय. मारू नगा, वड्याला सोडून या की." अण्णांनी, माझ्या वडिलांनी, हसत मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि त्याला उचललं. ते हाताला चावलं.

संध्याकाळी अण्णा गेले. फोटो बघून डॉक्टर मला एकटीला म्हणाले, "हा अजगर नाही, घोणस आहे. फार विषारी."

दिवसकार्याला भरल्या घरात आईनं माझा हात धरला. "मी बरूबर वळखलंतं न्हवं गं? अजगराचंच हुतं न्हवं?"

आयुष्यात कशालाही न भ्यालेल्या माणसाबद्दल मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले,


"अजगराचंच होतं, आई. अण्णा भ्याले, म्हणून गेले."