मध्यंतर राहिलं

दस्तगीरमामू बार्शीच्या एका जुन्या थेटरात एकतीस वर्षं ऑपरेटर होते. अलीकडे मशीन सुरू केलं, की ते पडद्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. नायक आता चाळीस जणांना एकट्याने लोळवणार, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. खालचे प्रेक्षकही निम्म्यातून उठून जायचे.

"शेठ, एकदा साधा सिनेमा लावून बघा," ते मालकांना, झुंबरशेठना म्हणाले. "माणसं हसत घरी जातील असा."

"लावतो. पण चालला नाही, तर इथं मंगल कार्यालय काढणार. मग तुम्ही घरी बसा."

शुक्रवारी दुपारी, पन्नाशीत सायकल शिकणाऱ्या एका स्वयंपाकीणबाईंचा सिनेमा लागला. खाली जेमतेम साठ माणसं होती. मामूंनी सवयीने पेपर उघडला. तेवढ्यात हशा ऐकू आला, म्हणून त्यांनी भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून पाहिलं आणि तिथेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने शेठ धापा टाकत जिना चढून आले. "मामू, मध्यंतर कुठंय? खाली वडे गार झाले!"

"विसरलो," मामू म्हणाले. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "पण शेठ, एकही माणूस उठलेला नाही. बघा तरी."

शेठ रागातच खिडकीशी वाकले. पडद्यावर बाईंची सायकल उतारावरून सुटली होती. त्या घाबरून ओरडत होत्या आणि हसतही होत्या.

सिनेमा थांबवायला मामूंनी हात पुढे केला. शेठनी तो धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "आणि जरा सरका."