गिऱ्हाइकांचं जेवण

वाफवायला ठेवलेल्या माशाखालचं पाणी कधी आटलं ते वेंडेल एंगला कळलंच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा तो टेबलावरचे काटे उचलून चॉपस्टिक मांडत होता. धावत जाऊन त्यानं झाकण काढलं. आल्याच्या कापांखाली निजलेला देखणा मासा बुडाशी काळाठिक्कर पडला होता. आणि पोरगी कुठल्याही क्षणी येणार होती.

पोरगी म्हणजे जिंगयी. वेंडेलच्या मुलानं, केल्विननं, तिला लग्नाचं विचारलं होतं. तिनं अजून हो म्हटलं नव्हतं. ‘आधी तुझ्या घरी जेवायला येते,’ एवढंच म्हणाली होती. नानजिंगच्या प्राध्यापकाची लेक, अस्सल चीनमधली. वेंडेलही चिनी वंशाचाच, पण जन्मला, वाढला आणि टकला झाला तो इथेच, मिनेसोटातल्या डुलुथ गावात. चीन त्यानं पाहिला तो दुकानातल्या कॅलेंडरवर. बापाकडून वारशानं आलेल्या, चिनी जेवण पार्सल देणाऱ्या दुकानात उभं राहून त्यानं जन्मभर बंदरावरच्या कामगारांना लालभडक, आंबटगोड डुकराचं मटण पांढऱ्या कागदी डब्यांतून विकलं. चीनमध्ये असलं कुणी खात नाही, अशी त्याची खात्रीच होती. ही पोरगी आपल्याला हसणार आणि केल्विनला नाही म्हणणार, या धास्तीनं आठवडाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“फ्रीजमध्ये मटण आहे,” बायको लॉरेन म्हणाली. “तुझं नेहमीचं कर की.”

“वेड लागलंय का तुला? ते गिऱ्हाइकांचं जेवण! केचपमध्ये घोळवलेलं डुक्कर तिच्यापुढे ठेवू?”

“मग कोळसा ठेव.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी. वेंडेलनं सुरी उचलली. मटणाचे लहान तुकडे केले, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवले आणि तळायला सोडले. घरची शेगडी दुकानातल्या भट्टीपुढे अगदीच मरतुकडी, म्हणून थोडे थोडे करून दोनदा तळले. दुसऱ्या कढईत केचप, व्हिनेगर आणि मुठी मुठीनं साखर. वर डब्यातला अननस आणि ढोबळी मिरची. रस चकाकायला लागला तसे तुकडे त्यात लोटले. हात सवयीनं चालत होते, पण कानशिलं लाजेनं तापली होती. बेल वाजली. त्यानं केचपची बाटली आणि अननसाचा डबा कचऱ्यात खोल दाबला आणि वरून मासा लोटून दिला.

जिंगयी शिडशिडीत होती, बोलायला मऊ. ताटली पुढ्यात आली तशी ती डोळे मोठे करून बघतच राहिली. चोराच्या मनात चांदणं. तिनं काही विचारायच्या आतच वेंडेलनं थाप ठोकली.

“हे आमच्या मूळ गावचं हं. फार जुनं. पणजोबांच्या घरी फक्त सणाला व्हायचं. बाहेर कुठं मिळायचं नाही.”

केल्विन तोंड उघडणार तोच लॉरेननं टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

जिंगयीनं एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग आपणहून वाढून घेतलं, आणि ते संपल्यावर पुन्हा घेतलं. वेंडेलचा जीव भांड्यात पडला. पणजोबांनी वेळ निभावून नेली होती. तेवढ्यात तिनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. चेहरा एवढासा झाला होता.

“काय झालं गं?” लॉरेननं विचारलं.

“काही नाही, काकू. फार छान झालंय.” ती ओशाळून हसली. “पण खरं सांगू का? चिनी जेवण काय, आमच्या घरी रोजच असतं. लहानपणापासून मी अमेरिकन मालिकांमध्ये ते पांढरे डबे बघत आलेय. त्यात काय असतं ते मला खायचं होतं. केल्विन म्हणाला, आमच्या बाबांसारखं कुणी करत नाही. मी आईलासुद्धा फोन करून सांगितलं, आज खाणार म्हणून.” तिनं ताटलीकडे पाहिलं. “आणि काका, तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम सणाचं केलंत. पाहुणीसाठी करतात तसं. तुमचं रोजचं तुम्ही परक्याला देत नाही, हेही बरोबरच आहे म्हणा.”

केल्विननं मान खाली घातली.

वेंडेल उठून स्वयंपाकघरात गेला. बाही वर केली आणि कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. मासा बाजूला सारला. तळातून केचपची बाटली आणि अननसाचा डबा काढून नळाखाली स्वच्छ धुतला, पुसला. मग बाहेर येऊन दोन्ही वस्तू त्यानं जिंगयीच्या ताटलीशेजारी ओळीनं मांडल्या.

“पोरी,” तो म्हणाला, “हे आमचे पणजोबा.”