इंजिनाचं नाक

ईश्वरप्पा मिस्त्रीने चालू इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं, तसा भस्सकन धूर वर आला आणि पार्वतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. धुराचं आपलं निमित्त. घर चालवणारी ही जुनी पिकअप भंगारात गेली, की त्यांचा नवरा ग्यानोबा पुण्याला वॉचमन म्हणून जाणार होता. भाच्याने जागा ठरवून ठेवली होती. आज फक्त त्याला होकार कळवायचा होता.

लातूरच्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. "इंजिन संपलं," म्हणाले. म्हणून गावी परत जाता जाता वाटेवरच्या मुरुडला ईश्वरप्पाच्या दारात गाडी उभी केली होती. ग्यानोबा लांब उभा होता. त्याला बघवत नव्हतं.

"जोर आत कोंडून राहिलाय," म्हणत ईश्वरप्पा गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "आरं, नाकच बुजवलंय की इंजिनाचं!"

इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीत फडक्याचा बोळा ठासला होता. वरून तारेने आवळला होता.

"कुन्या शहान्यानं केलं हे?"

"रस्त्यात काय अडकलं आसल," ग्यानोबा म्हणाला.

"आन् तारंनं सोताला बांधून घेतलं व्हय?"

ईश्वरप्पाने बोळा उपसून बाहेर टाकला. पार्वतीबाईंनी तो बोळा उलगडला. तेलाने काळा मिचकूट झाला होता, पण काठ लपत नव्हता. त्यांच्याच जुन्या लुगड्याचा होता तो. मग सगळाच उलगडा झाला. त्या नळीतून रोज सारवल्या अंगणात तेल ठिबकायचं आणि रोज सकाळी पार्वतीबाई तोंडाचा पट्टा सोडायच्या. दिवाळीपासून डाग पडायचा थांबला, तेव्हा गाडीला अक्कल आली असं त्यांना वाटलं होतं. अक्कल नवऱ्याने चालवली होती. बायकोचं तोंड बंद करता येईना, म्हणून गड्याने गाडीचं केलं होतं!

एरवी त्यांनी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. आज त्यांना त्या माणसाची फार माया आली.

दाबाने फाटलेला ब्रीदरचा व्हॉल्व्ह वाटीएवढा होता. ईश्वरप्पाने तो काढून नवा बसवला, नळी बदलली आणि चावी फिरवली. धूर आला, विरळ झाला, मग दिसेनासा झाला. त्याने पुन्हा झाकण काढून वर तळहात धरला.

"घ्या वैनी. श्वास घ्यायला लागली."

पार्वतीबाईंनी हात जोडले. "आप्पा, लई उपकार झाले. माजं घर राखलं तुमी."

"म्या काय केलं? नाक मोकळं केलं," ईश्वरप्पा हात पुसत म्हणाला.

तेवढ्यात ग्यानोबाचा फोन वाजला. पुण्याहून भाचा होता. ग्यानोबा नुसताच फोनकडे बघत राहिला, तेव्हा पार्वतीबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"न्हाई रं बाळा, तुजा मामा न्हाई येत," त्या म्हणाल्या. "हितं आंगनात तेल सांडायला मानूस लागतंय."