शांतता राखा

गोष्टीतल्या हत्तीला शिंक आली आणि बसल्या जागी वीस पोरं किंचाळली. माझ्यामागे भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी! दर शनिवारी हाच गोंधळ. बालवाचनाचं खूळ वाचनालयाच्या समितीचं, निस्तरायचं मात्र मी, ग्रंथपालानं.

त्यातली एकच मुलगी मला आवडायची. तीन वर्षांची, आईच्या मांडीवर गप्प बसून चित्रं बघायची. “गुणी आहे हो तुमची लेक,” मी एकदा म्हटलं होतं.

“बोलतच नाही ओ ती अजून,” आईनं मान खाली घातली होती. “डॉक्टर म्हणाले, गोष्टी ऐकवत राहा, म्हणून आणते.”

हत्ती पुन्हा शिंकला, पुन्हा किंकाळ्या. माझं डोकं फिरलं. ओठांवर बोट ठेवून मी ओरडलो, “चूप!” सगळी पोरं गार पडली.

त्या शांततेत ती मुलगी मांडीवरून उठली. माझ्याकडे रोखून बघत तिनं इवलंसं बोट ओठांवर ठेवलं. खणखणीत आवाजात म्हणाली, “चूप!”

आईनं ओढणी तोंडाला लावली. मग डोळे पुसत धावत माझ्या टेबलाशी आली.

“काका, अजून एकदा ओरडा ना!”